सत्त्वावजयाची रिकामी जागा : मानसतज्ज्ञासमवेत काम करताना

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अकराव्या अध्यायात औषधाचे तीन प्रकार सांगितले आहेत : दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय. पदवी परीक्षेत हे तिन्ही प्रकार आपण सर्वांनी लिहिले आणि त्याचे गुणही मिळविले. व्यवसायात उतरल्यावर युक्तिव्यपाश्रयाचा उपयोग आपण नित्य करतो. दैवव्यपाश्रयाचा भाग रुग्ण आपल्याला न विचारताच ग्रामदैवताकडे किंवा देवऋषीकडे जाऊन पूर्ण करून येतो. उरतो तो सत्त्वावजय. अहितकर विषयांपासून मनाला आवरणे हे त्याचे स्वरूप. परंतु ते आवरावे कसे, किती बैठकांत, कोणत्या क्रमाने, आणि आवरले गेले की नाही हे पाहावे कशाने, याचे उत्तर आपल्या केसपेपरवर क्वचितच सापडते. त्या जागी बहुधा एकच सूचना असते : ‘चिंता करू नये.’ चिंता करू नये हे रुग्णालाही ठाऊक असते. ती कशी करू नये हे विचारण्यासाठीच तो आलेला असतो.

ही जागा आपण एकट्याने भरण्याचा आग्रह न धरता प्रशिक्षित मानसतज्ज्ञाच्या साहाय्याने भरावी, असे आमचे मत गेल्या काही वर्षांच्या अनुभवाने बनले आहे. महिन्यातून दोन दिवस एक चिकित्सालयीन मानसतज्ज्ञ भगिनी लातूरहून आमच्या चिकित्सालयात येतात. त्यांच्यासमवेत काम करताना जे उमगले ते वैद्यबंधू-भगिनी आणि औषधालयचालक यांच्यापुढे ठेवीत आहोत. रुग्णांची ओळख पटू नये यासाठी पुढील उदाहरणांतील तपशील बदलले आहेत.

आमचे कार्यक्षेत्र

तेर हे तेरणाकाठचे गाव. इतिहासाच्या अभ्यासकांना ते प्राचीन तगर म्हणून आणि वारकऱ्यांना संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून परिचित आहे. आमच्याकडे येणारा रुग्णवर्ग मुख्यतः शेतकरी, शेतमजूर आणि त्यांच्या घरच्या स्त्रियांचा. ‘माझे मन आजारी आहे’ असे सांगत कोणी येत नाही. ‘डोकं जड पडतंय’, ‘छातीत धडधड होतंय’, ‘झोप येईना’, ‘कशात ध्यान लागंना’ अशा वेदना घेऊन रुग्ण येतात. आपण निद्रानाश, शिरःशूल, हृद्द्रव, अग्निमांद्य, दौर्बल्य असे निदान लिहितो. ते चुकीचे नसते, पण अनेकदा अपुरे असते.

आमच्या धाराशिव जिल्ह्यात हा प्रश्न नवा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे उद्ध्वस्त केली व सुमारे आठ हजार माणसे दगावली. घरे पुन्हा उभी राहिली, तरी वाचलेल्यांची झोप, भीती आणि शोक यांचा प्रश्न दीर्घकाळ राहिला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने मराठवाड्यातील भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यासही केला. पुढे शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्य शासनाने २०१५ मध्ये विदर्भ व मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. आपला जिल्हा त्यांत होता. आशा कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन ठराविक प्रश्नावलीद्वारे ताणाखालील व्यक्ती शोधाव्यात आणि त्यांना समुपदेशन व उपचार मिळावेत, ही त्यामागील कल्पना. ज्या घरात आशाताई प्रश्नावली घेऊन जाते, त्याच घरातील माणूस झोपेचे औषध मागत आपल्याकडे येतो. तो मानसरोग विभागात जाण्यापूर्वी वैद्याकडे किंवा औषधालयाच्या फळीवर येतो. म्हणून आपली जबाबदारी मोठी आहे.

शास्त्राचा आधार

मनाची परीक्षा आपल्या शास्त्राला परकी नाही. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात दशविध परीक्ष्य भावांमध्ये सत्त्वाचा समावेश असून प्रवर, मध्यम व अवर असे त्याचे भेद आहेत. शारीरस्थानात सात सात्त्विक, सहा राजस व तीन तामस अशा सोळा मानसप्रकृती वर्णिल्या आहेत. उन्मादाच्या निदानात मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा व आचार अशा आठ स्थानांचा विभ्रम सांगितला आहे. मानसतज्ज्ञ रुग्णाची मानसिक अवस्था तपासताना ज्या गोष्टी पाहतात, त्यांच्याशी ही यादी ताडून पाहिल्यास परस्परसंवादाची सोय होते.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. ‘हे सर्व आमच्या ग्रंथात आधीच आहे’ असे म्हणून थांबल्यास रुग्णाचा लाभ होत नाही. संहितेत परीक्षेचे तत्त्व आहे. कोणत्या वयाच्या मुलाने कोणता प्रश्न सोडवावा, किती गुणांना सौम्य म्हणावे आणि किती गुणांना तीव्र, ही प्रमाणे मोठ्या संख्येने लोकांना तपासून अलीकडच्या शतकात तयार झाली. ती वापरण्याचे प्रशिक्षण बी.ए.एम.एस. अभ्यासक्रमात आपल्याला मिळालेले नाही.

ज्या क्षेत्रात आपला अधिकार नाही तेथे दुसऱ्याकडे जाण्याचा आदर्शही चरकाचार्यांनीच घालून दिला आहे. गुल्मचिकित्सेत पाक झालेल्या गुल्माच्या बाबतीत शस्त्रकर्माचा अधिकार धन्वंतरी संप्रदायाच्या वैद्यांचा असल्याचे ते स्पष्ट सांगतात, आणि नेत्ररोगांच्या प्रकरणात परक्या अधिकाराचा विस्तार करणे टाळतात. ज्याने ग्रंथ लिहिला त्याला यात कमीपणा वाटला नाही. आपल्यालाही वाटू नये.

कोण कोणते काम करतो?

रुग्णांना, आणि कधी कधी आपल्यालाही, मनोविकारतज्ज्ञ व मानसतज्ज्ञ यांतील भेद नेमका माहीत नसतो. मनोविकारतज्ज्ञ हे आधुनिक वैद्यकाचे पदव्युत्तर डॉक्टर असतात व औषधे देतात. चिकित्सालयीन मानसतज्ज्ञ मानसशास्त्रातील उच्च पदवी आणि रुग्णसेवेचे प्रशिक्षण घेतलेले असतात. ते चाचण्या करतात, संवादाधारित उपचार करतात, औषधे देत नाहीत. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ती नोंदणी आहे का, हे साहचर्य सुरू करण्यापूर्वी अवश्य विचारावे. अल्प मुदतीचा वर्ग करून ‘समुपदेशक’ अशी पाटी लावणाऱ्या प्रत्येकाकडे हे प्रशिक्षण असेलच असे नाही.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ मध्ये संमत झाला आणि मे २०१८ मध्ये अमलात आला. त्यातील मानसिक आरोग्य व्यावसायिकाच्या व्याख्येत आयुर्वेदातील मनोविज्ञान व मानसरोग या विषयाच्या पदव्युत्तर पदवीधरांचा समावेश आहे. केवळ बी.ए.एम.एस. पदवीधारकाचा त्या व्याख्येत समावेश नाही. त्यामुळे कायद्याच्या दृष्टीनेही तज्ज्ञाचे साहाय्य घेणे आपल्या हिताचे आहे.

एकत्र कामाची उदाहरणेही आहेत. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेच्या आवारात मानसरोगांवरील आयुर्वेदीय संशोधन अनेक दशके झाले आहे, आणि केरळात कोट्टक्कल येथे मानसरोगांसाठी शासकीय आयुर्वेद रुग्णालय आहे. आपल्याच जिल्ह्यात भूकंपानंतर लोहारा तालुक्यातील हराळी येथे ज्ञान प्रबोधिनीचे काम उभे राहिले. ही संस्था १९६२ मध्ये पुण्यात सुरू करणारे डॉ. वि. वि. तथा आप्पा पेंडसे मानसशास्त्राचेच अभ्यासक होते. शेतकऱ्याच्या या भागाला मानसशास्त्र अगदीच अपरिचित नाही.

चाचणी म्हणजे काय?

‘टेस्ट’ म्हटले की रुग्णाला रक्त काढण्याची आठवण होते, आणि ‘मनाची टेस्ट’ म्हटले की वेडाचा शिक्का बसण्याची भीती वाटते. ‘डॉक्टर, मला काय येड लागलंय का?’ हा प्रश्न आम्ही अनेकदा ऐकतो. अशा वेळी तेरच्या माणसाला समजावण्यासाठी आम्हाला गोरोबाकाकांची आख्यायिका उपयोगी पडते. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून काकांनी मडकी पारखण्याचे थापटणे घेतले आणि एकेकाच्या मस्तकावर थापटले. नामदेवांना ते रुचले नाही आणि त्यांचे मडके कच्चे ठरले. पुढे नामदेव औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांकडे गेले आणि गुरूपदेशाने त्यांची उणीव भरून निघाली. ही कथा गावात सर्वांना ठाऊक असते. आम्ही इतकेच म्हणतो की थापटणे सर्वांना सारखेच लावले, पारखले ते पुढचा मार्ग कळावा म्हणून, आणि पारखणारे वेगळे व शिकविणारे वेगळे होते. नामदेवांना वाईट वाटले, हेही कथा लपवीत नाही. म्हणून चाचणीचा निष्कर्ष रुग्णाला कसा सांगावा याचा विचार चाचणीइतकाच महत्त्वाचा आहे.

सर्वांना सारखेच थापटणे, यालाच मानसशास्त्रात प्रमाणीकरण म्हणतात. याबाबत मराठी भाषकांना अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आहे. फ्रान्समध्ये बिने व सिमाँ यांनी तयार केलेली बुद्धिमापन श्रेणी धारवाडच्या डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात कानडी आणि मराठी मुलांसाठी बसविली. बिने-कामत या नावाने ती आजही ओळखली जाते. पुढे १९५५ मध्ये डॉ. सी. एम. भाटिया यांनी ठोकळे, आकृती, चित्रे यांवर आधारलेली पाच कृतिचाचण्यांची मालिका प्रसिद्ध केली. भाषेवर तिचा भर कमी असल्याने निरक्षरांनाही ती देता येते. नागपूरच्या डॉ. मालिन यांनी भारतीय मुलांसाठी बसविलेली बुद्धिमापन श्रेणीही प्रचलित आहे. परदेशी चाचणी जशीच्या तशी आपल्या रुग्णाला लावू नये, हे तत्त्व या सर्वांच्या मुळाशी आहे. वृद्धांच्या स्मृतीची प्रचलित चाचणी लिहिण्या-वाचण्याचे काम देते. निरक्षर आजीला तिच्यात कमी गुण पडले तर तो स्मृतिनाश मानता येत नाही. हरियाणातील बल्लभगड भागात निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी वेगळी हिंदी चाचणी तयार करावी लागली ती याच कारणाने.

याचे महत्त्व आम्हाला एका मुलाच्या बाबतीत प्रत्ययास आले. सहावीतील हा मुलगा ‘मंदबुद्धी’ म्हणून पालकांनी आणला. बुद्धी वाढविणारे औषध द्या, ही मागणी. ब्राह्मी-शंखपुष्पीचे पाक त्याने आधीच वर्षभर घेतले होते. ट्रॅक्टरचे इंजिन कसे चालते हे तो आम्हाला उत्तम सांगत होता, पण पाठ्यपुस्तकातील चार ओळी त्याला वाचता येत नव्हत्या. मानसतज्ज्ञ मॅडमनी प्रथम त्याचे डोळे व कान तपासून घेण्यास सांगितले. ते निर्दोष निघाल्यावर बुद्धिमापन केले. बुद्धी सर्वसाधारण होती. त्यानंतर वाचन, लेखन व गणित यांच्या स्वतंत्र चाचण्या झाल्या आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता असा निष्कर्ष निघाला. आई-वडिलांनी तो ऐकला तेव्हा वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी इतकेच विचारले, ‘म्हणजे आळशी नव्हता तो?’

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश असून प्राधिकृत शासकीय केंद्राच्या प्रमाणपत्राच्या आधारे परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. खासगी अहवाल प्रमाणपत्राची जागा घेत नाही, हे पालकांना आधीच सांगावे. या मुलाला मेध्य रसायन द्यावयाचे की नाही हा नंतरचा प्रश्न. अक्षरओळखीचे विशेष शिक्षण ही त्याची खरी गरज होती. कितीही ब्राह्मीघृत दिले असते तरी त्या शिक्षणाचे काम त्याने झाले नसते.

संवादाधारित उपचार म्हणजे काय?

मानसतज्ज्ञ ‘नुसते बोलतात’ असा समज आढळतो. प्रत्यक्षात त्या बोलण्याला आखणी असते. सीबीटी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत प्रसंग, त्या वेळी मनात आलेला विचार, झालेली भावना आणि केलेली कृती यांची नोंद रुग्णाकडून करवून घेतात. मग त्या विचाराला पुरावा काय, याची त्याच्यासमवेत तपासणी होते आणि दोन भेटींच्या मधल्या दिवसांसाठी गृहपाठ दिला जातो. अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती याच कुळातली. ती आपल्याकडे रुजविण्याचे मोठे कार्य मुंबईचे मानसतज्ज्ञ कि. मो. फडके यांनी केले. धी, धृती व स्मृती यांच्या विभ्रंशातून प्रज्ञापराध घडतो, हा आपला सिद्धांत जाणणाऱ्या वैद्याला ही पद्धत समजण्यास कठीण जाऊ नये.

एक गृहिणी, वय चाळिशीच्या आसपास. अचानक छातीत धडधड, हातपाय गार, आता प्राण जाणार अशी भीती. ईसीजी, हिमोग्लोबिन, थायरॉइड सर्व काही प्राकृत. शिरोधारेने बरे वाटते असे कळल्यावरून ती आमच्याकडे आली. धारेने तिला स्वस्थता लाभली हे खरे. परंतु महिन्याभरात धारा घेतल्याखेरीज ती माहेरी, लग्नाला, बाजाराला जाईनाशी झाली. येथे मानसतज्ज्ञ मॅडमचे व आमचे मत प्रथम जुळले नाही. धारा हा वातशामक उपचार आहे, तो चालू ठेवावा, असे आमचे म्हणणे. धारा ही आता तिच्या भीतीची कुबडी झाली आहे, ती हळूहळू काढावी, असे त्यांचे म्हणणे. विचारविनिमयानंतर धारेचे अंतर वाढवीत नेले, घरी पादाभ्यंग, नियमित आहार व चहा कमी करणे एवढेच ठेवले, आणि सूत्रे मॅडमच्या हाती दिली.

त्यांनी काय केले? आमच्याच चिकित्सालयाचा जिना तिला चढावयास लावला. धडधड सुरू झाली. बसू न देता तिला विचारले, ‘ताई, आता काय होईल असं वाटतंय?’ धडधड आपोआप कमी होईपर्यंत त्या तिच्याजवळ उभ्या राहिल्या. पुढील भेटींत हेच पुनःपुन्हा झाले. धडधड म्हणजे मृत्यू नव्हे, हे तिच्या शरीरालाच पटवून देण्यात आले. दहा भेटींनंतर ती एकटी एस.टी.ने तुळजापूरला जाऊन आली. ‘घाबरू नका’ असे आपणही तिला अनेकदा सांगितले असते. न घाबरण्याचा अभ्यास कसा करून घ्यावा, ते त्यांना येत होते.

या प्रसंगातून एक नियम आम्ही दोघांनी स्वीकारला. सौम्य स्वरूपाच्या व्याधीत एका वेळी एकच मोठा बदल करावा आणि प्रत्येक भेटीत लक्षणांचे गुणांकन लिहून ठेवावे. औषध, धारा, पथ्य व मानसोपचार एकाच दिवशी सुरू केल्यास गुण कशाचा हे कळत नाही, आणि अवगुण आला तर तोही कशाचा हे कळत नाही.

विचारावयाचा नववा प्रश्न

विषादाच्या प्राथमिक तपासणीसाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरली जाते. ती २००१ मध्ये प्रसिद्ध झाली असून मराठीतही उपलब्ध आहे. मागील दोन आठवड्यांतील झोप, भूक, उत्साह, एकाग्रता इत्यादींबाबत प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण असतात, एकूण २७. दहा किंवा अधिक गुण आल्यास तज्ज्ञाकडे पाठविणे योग्य. ही छाननी आहे, निदान नव्हे. ती आपल्यापैकी कोणीही शिकून दहा मिनिटांत करू शकतो. निरक्षर रुग्णाला प्रश्न वाचून दाखवावेत.

तिचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. असे विचारल्याने नसलेला विचार मनात येईल, अशी भीती अनेक वैद्यांना वाटते. ती निराधार आहे. विचारल्याने रुग्णाला बहुधा हलके वाटते. पन्नाशीतील एक शेतकरी झोपेचे ‘जरा जोरदार’ औषध मागण्यास आला होता. आठ प्रश्नांची उत्तरे त्याने खाली पाहत दिली. नवव्याला त्याने मान वर केली आणि म्हणाला, ‘हे आजवर कुणी विचारलं न्हाई.’ मग तो बोलू लागला. फवारणीचे औषध घरात कोठे ठेवले आहे, हेही त्याने सांगितले. त्याला एकटे न सोडता भावाला बोलावून घेतले. भावाने ते औषध घरातून हलवून कुलपात ठेवले. त्याच दिवशी त्याला जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञांकडे नेण्यात आले आणि औषधोपचार सुरू झाले. मानसतज्ज्ञांच्या भेटी त्यानंतर झाल्या. आज तो शेती करतो आहे. अशा रुग्णाला मानसतज्ज्ञांच्या पुढील फेरीपर्यंत थांबविणे योग्य नव्हे. रात्री-अपरात्री ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य साहाय्य मिळते. ही राष्ट्रीय सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे २०१७ च्या अधिनियमानुसार गृहीत धरले जाते. तेव्हा पोलिसांच्या भीतीने कुटुंबीयांनी गोष्ट लपवू नये, हेही सांगावे.

आमची कार्यपद्धती

पुढील गोष्टी आम्ही कटाक्षाने पाळतो.

पहिली, शारीरिक कारणांची तपासणी आधी. पांडू, थायरॉइडचे विकार, मधुमेह, अपस्मार, मद्यपान व इतर औषधांचे परिणाम पाहिल्याविना रुग्ण मानसतज्ज्ञांकडे पाठवीत नाही.

दुसरी, चिठ्ठीत नेमका प्रश्न लिहावयाचा. ‘मानसिक तपासणी करावी’ इतके लिहिल्याने काही कळत नाही. ‘स्मृती कमी झाली आहे, पत्नीच्या निधनानंतर सहा महिन्यांपासून; हा विषाद की स्मृतिनाश?’ असे लिहिले म्हणजे चाचणीही नेमकी होते. चालू असलेली सर्व औषधे, आपली व इतरांची, चिठ्ठीत असावीत.

तिसरी, गोपनीयता. भेट स्वतंत्र खोलीत व दार बंद करून होते. अहवाल रुग्णाच्या संमतीविना सासरी, शाळेत वा सरपंचांना सांगितला जात नाही. लहान गावात या नियमावरच सर्व विश्वास टिकून असतो.

चौथी, शुल्क आधी सांगावयाचे. एका भेटीला तासभर लागतो व भेटी अनेक असतात. ज्यांना परवडत नाही त्यांना आम्ही जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या विभागात पाठवितो. तेथे ही सेवा शासकीय दराने मिळते.

पाचवी, तीव्र उन्माद, भास, संशय, प्रसूतीनंतरचा मनोविकार, अन्नत्याग किंवा आत्मघाताचा धोका असेल तर प्रथम मनोविकारतज्ज्ञ. त्यांनी दिलेली औषधे आपण बंद करावयाची नाहीत. क्लोनाझेपामसारखे औषध अचानक तोडल्यास आक्षेप येऊ शकतात.

औषधालयचालकांसाठी

अश्वगंधारिष्ट, सारस्वतारिष्ट, ब्राह्मीवटी यांचे जे गिऱ्हाईक चिठ्ठीविना महिनोन्‌महिने येते, त्याला आपण वैद्यापेक्षा अधिक वेळा पाहता. ‘झोप अजून लागत नाही का? डॉक्टरांना एकदा दाखवा’ एवढे आपुलकीचे वाक्य पुरे होते. आपल्या फळीजवळ १४४१६ हा क्रमांक लिहिलेला असावा. याशिवाय तीन सावधगिऱ्या आवश्यक आहेत.

सर्पगंधा ही झोपेसाठी सर्रास मागितली जाते. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मधील लेखाने ती रक्तदाबासाठी जगापुढे आणली. १९५२ मध्ये तिच्यातील रिझर्पिन वेगळे करण्यात आले. ते घेणाऱ्या काही रुग्णांत विषाद आढळल्याची नोंद पुढे झाली. या संबंधाच्या प्रमाणाविषयी मतभेद असले तरी विषादाच्या रुग्णाला ते देऊ नये ही सूचना कायम आहे. तेव्हा सर्पगंधायुक्त कल्प चिठ्ठीविना देऊ नयेत.

दारू सोडण्यासाठी डायसल्फिराम घेणाऱ्यास आसव-अरिष्टे देऊ नयेत. त्यांतील स्वयंजात मद्यार्काने प्रतिक्रिया येऊ शकते.

लिथियम घेणाऱ्या रुग्णात वमन, विरेचन, लंघन किंवा मूत्रल द्रव्यांमुळे जल व लवण घटल्यास रक्तातील लिथियम घातक पातळीपर्यंत वाढू शकते. पंचकर्मापूर्वी हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

मग वैद्याचे काय उरते?

हा प्रश्न आमच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी विचारला. चिकित्सेच्या चतुष्पादात या मानसतज्ज्ञाला कोठे बसवावयाचे, असेही ते म्हणाले. आमच्या मते त्यांना उपस्थात्याच्या जागी बसविणे अन्यायाचे होईल. आपल्या विषयापुरते ते भिषक्च आहेत. आणि वैद्याचे उरते ते पुष्कळ आहे. रुग्ण प्रथम आपल्याकडे येतो. त्याचा अग्नी, निद्रा, दिनचर्या, कुटुंब आणि ऋतुमान आपल्याला ठाऊक असते. विषादाच्या रुग्णाला सकाळी ठरल्या वेळी उठविणे, स्नान, अभ्यंग, चालणे व वेळेवर जेवण यांचा क्रम लावून देणे हे काम मानसतज्ज्ञही सांगतात. ते काम दिनचर्येच्या नावाने आपण अधिक सहजपणे करवून घेतो. दहा भेटी संपल्यावर मानसतज्ज्ञ निरोप घेतात. रुग्ण मात्र पुढील वीस वर्षे आपलाच असतो, आणि लक्षणे परत डोके वर काढतात तेव्हा ती प्रथम आपल्यालाच दिसतात.

संघटनेच्या प्रत्येक जिल्हा शाखेने आपल्या परिसरातील नोंदणीकृत मानसतज्ज्ञ, मनोविकारतज्ज्ञ आणि जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य विभाग यांची सूची करून सभासद वैद्य व औषधालयचालकांना द्यावी. वर्षातून एकदा त्यांच्यासमवेत कार्यशाळा घ्यावी. त्यात पीएचक्यू-९ कशी विचारावी आणि चिठ्ठी कशी लिहावी, एवढे दोनच विषय ठेवले तरी पुरेसे आहेत. ज्या गावात मानसतज्ज्ञ येऊ शकत नाहीत, तेथील वैद्यानेही येत्या आठवड्यापासून झोपेची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येक रुग्णाला ते नऊ प्रश्न विचारण्यास प्रारंभ करावा, ही नम्र विनंती.